बरणीवरचा फोटो

ओर्लीना स्टिडमला वृद्धनिवासातून काढून टाकलं त्या दिवशी मी तिथेच होते, आणि मी तिच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यांत मी स्वतःही आहे.

एकोणीस वर्षं आम्ही दोघी एका पाळीत होतो. केंटकीच्या या डोंगरांत खाणी बंद पडल्यावर बायकांना जे काम उरलं ते हेच. म्हाताऱ्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, चादरी बदलायच्या, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. ओर्लीना उंच, हाडापेरानं मजबूत. शंभर किलोच्या माणसाला एकटीनं वळवायची आणि वळवता वळवता दटावायची, "काय हो, आज पुन्हा बटाटे उशीखाली लपवलेत? मी काय उंदीर सांभाळायला येते का इथं?" म्हातारे खूश असायचे. तिच्याशिवाय दुसरीच्या हातून न खाणारे तिघं-चौघं तरी होते.

एवढं करून आम्हाला आरोग्य विमा नव्हता. पूर्णवेळ कामगाराला तो द्यावा लागायचा, म्हणून आमचे तास आठवड्याला दोननं कमी ठेवलेले. फक्त दोन. चाळीस म्हाताऱ्यांच्या औषधांच्या वेळा आम्ही पाठ म्हणून दाखवायचो, आणि स्वतःला ताप आला तर दुकानातून खोकल्याची बाटली आणायची.

ओर्लीनाचा नवरा डेन्झिल लाकडाचे ओंडके वाहायचा. ट्रक स्वतःचा. कुणाचा नोकर नाही, याचा त्याला फार अभिमान. दारू नाही, मारहाण नाही, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. लोक म्हणायचे, असा जावई मिळायला नशीब लागतं. मीही म्हणायचे.

त्यांना एकच मुलगी, रोएना. पहिलीत असल्यापासून तिचा डावा कान वाहायचा. सगळं करून झालं होतं. कोमट तेल झालं, थेंब झाले, डेन्झिलच्या आत्यानं तंबाखूचा धूरही कानात फुंकला. सात वर्षांची झाली तेव्हा त्या कानाला वास यायला लागला, आणि वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसेनात. आमच्या गावातल्या डॉक्टरनं दिवा घालून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "ओर्लीना, आत एक गाठ वाढतेय. ती हाड खाते. हिला लेक्सिंग्टनला ने, शस्त्रक्रियाच करावी लागेल. थांबू नकोस." लेक्सिंग्टनच्या इस्पितळात खिडकीमागच्या बाईनं पहिला प्रश्न विचारला तो विम्याचा. विमा नाही म्हटल्यावर आधी भरायची जी रक्कम तिनं सांगितली ती ऐकून ओर्लीना पोरीला घेऊन तशीच परत आली. येताना तिनं रोएनाला आईस्क्रीम घेऊन दिलं आणि स्वतः गाडीत बसून स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. हे रोएनानंच मला सांगितलं.

शाळेतल्या नर्सला हे कळल्यावर तिनं सरकारी मेडिकल कार्डाचा अर्ज दिला, ज्यावर पोरीचा सगळा उपचार सरकारी खर्चानं झाला असता. समजावूनही सांगितलं की हे फक्त बेकारांसाठी नाही, दोघं कमावत असतील आणि तरी पुरत नसेल अशांच्या मुलांसाठीही आहे. दोन्ही आईबापांची सही लागत होती.

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते. शरद ऋतू होता, चूल पेटलेली होती. ओर्लीनानं अर्ज टेबलावर ठेवला.

"डेन्झिल, इथं सही कर."

"काय आहे हे?"

"रोएनाच्या कार्डाचं."

त्यानं कागद उचलला, पण वाचला नाही. "त्या ऑफिसात रांगेत कोण बसतं माहितीय ना तुला? तो कार्ल रिची. दहा वर्षांत त्या माणसानं एक फांदी तोडलेली नाही."

"कार्लच्या पोरांचे कान बरे आहेत पण."

"मी दुप्पट खेपा मारीन. थंडी संपेपर्यंत पैसे उभे करतो."

"मागच्या थंडीत पण हेच म्हणालास. मग ट्रकचा गिअरबॉक्स गेला."

डेन्झिलचा आवाज चढला नाही. तो कधीच चढायचा नाही. म्हणाला, "माझ्या बापाकडेही कार्ड होतं, ओर्लीना. खाणकामगारांच्या युनियनचं. फुप्फुसं देऊन कमावलेलं. आणि ते बंद केल्याचं पत्र आलं तेव्हा तो इस्पितळात खाटेवर होता. बूट घालून उठला आणि सहा मैल चालत घरी आला. कुणापुढं हात पसरला नाही."

"आणि चार महिन्यांत मेला," ओर्लीना म्हणाली. "ते का नाही सांगत? आणि त्याची फुप्फुसं ती कमाई, मग माझी पाठ काय? ती मी जत्रेत जिंकलीय? सतरा वर्षांची असल्यापासून माझ्या पगारातून कर कापतायत. तो कर कुठं जातो? त्यातलाच घोटभर माझ्या पोरीला मागतेय मी."

"या घरानं आजवर कुणाचं फुकट घेतलेलं नाही," डेन्झिल म्हणाला, आणि त्यानं चुलीचं झाकण उघडून कागद आत टाकला.

रोएना पलीकडच्या खोलीत टीव्ही पाहत होती, मोठ्या आवाजात, कारण तसाच लावायला लागायचा.

मी शेंगा सोलत राहिले. माझ्या दोन्ही पोरांची मेडिकल कार्डं त्या क्षणी माझ्या पर्समध्ये होती. चार वर्षं होती. त्यांची औषधं मी चाळीस मैल लांब, शेजारच्या कौंटीतल्या दुकानातून आणायचे, आपल्या गावात कुणी बघू नये म्हणून. मी पर्स उघडून ती टेबलावर ठेवली असती, तर काय झालं असतं माहीत नाही. डेन्झिल मला मान द्यायचा. कदाचित काही झालं असतं. मी ठेवली नाहीत.

तो हिवाळा तसाच गेला. डेन्झिलनं खरंच दुप्पट खेपा मारल्या. डोळे लाल, हात फुटलेले. जमवलेलं सगळं फेब्रुवारीत टायरांनी खाल्लं. मार्चमध्ये रोएना शाळेच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाला, गाठ आता तोल सांभाळणाऱ्या भागात घुसली आहे.

मग चर्चला जाग आली. आमच्या चर्चचे कारभारी होते ब्रदर हॉबर्ट नेपियर. हार्डवेअरचं दुकान, दोन मजली घर, प्रत्येक मयताला पुढे. त्यांनी डेन्झिलच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "आपण आपल्या माणसांना उघड्यावर सोडत नाही." लोणच्याच्या रिकाम्या मोठ्या बरण्या गोळा झाल्या. प्रत्येक बरणीवर रोएनाचा शाळेतला फोटो चिकटवला आणि खाली लिहिलं, 'आपल्या रोएनाला ऐकू येऊ द्या.' पेट्रोलपंपावर, केशकर्तनालयात, हॉबर्टच्या दुकानात, सगळीकडे बरण्या लागल्या. डेन्झिलला त्यात काही वावगं वाटलं नाही. ही शेजाऱ्यांची मदत, म्हणे. ही चालते.

ओर्लीनाला सांगितलंही नव्हतं. पेट्रोल भरायला गेली तेव्हा तिनं पाहिलं. चघळायच्या तंबाखूच्या डब्या आणि लॉटरीची तिकिटं, त्यांच्या मध्ये तिच्या मुलीचं तोंड. रोएना सोबत होती. तिनं फोटोकडे बघितलं आणि विचारलं, "आई, मी हरवलेय का?"

आमच्या गावात असे फोटो लागायचे ते हरवलेल्या कुत्र्यांचे. पोरीला दुसरं काय वाटणार?

त्यांच्या मागं रांगेत एक माणूस होता. त्यानं बरणीत नाणं टाकलं, रोएनाकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ही का ती?" ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं. ओर्लीनानं पेट्रोलचे पैसे दिले आणि पोरीचा हात धरून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांच्या चादरी ताणताना मला हे सांगत होती तेव्हा तिनं एक चादर टर्रकन फाडली. मुद्दाम नाही. हातात तेवढा जोर आला होता.

एप्रिलमध्ये चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये रोएनासाठी जेवण ठेवलं. घेवड्याची आमटी, मक्याचा पाव, चिरलेला कांदा, सफरचंदाचे केक. दीडशे माणसं आली. रोएनाला पुढच्या टेबलाशी बसवलं होतं, नवा निळा फ्रॉक घालून. लोक येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. ती प्रत्येकाला 'थँक्यू' म्हणत होती, कारण तिला तसं शिकवून आणलं होतं.

जेवणं होत आल्यावर ब्रदर हॉबर्ट उठले. चांगलं बोलायचे. देवाचे आभार मानले, केक करणाऱ्या बायकांचे मानले. मग म्हणाले, "आज इथं जे झालं ते सरकार करू शकत नाही. या कौंटीत अशी माणसं आहेत, नावं मी घेणार नाही, जी कार्ड मिळावं म्हणून पोरं काढतात. तुमच्याआमच्या घामावर जगतात. स्टिडम कुटुंबानं ते केलं नाही. डेन्झिलनं मान ताठ ठेवली. अशा माणसाला मदत करायला आनंद होतो."

टाळ्या झाल्या. नावं घेणार नव्हते ते, पण मला माझं ऐकू आलं. तरी मीही टाळ्या वाजवल्या. दोनदा.

ओर्लीना उठली. ती आभार मानणार असं वाटून लोक गप्प झाले.

"केकबद्दल आभार," ती म्हणाली. "ज्यांनी पैसे टाकले त्यांचेही. तुम्ही मनानं टाकलेत, मला माहीत आहे. पण ब्रदर हॉबर्ट, माझी मान ताठ कशी आहे ते मला सांगा. माझ्या लेकीचं तोंड लोणच्याच्या बरणीवर लावून तुम्ही तंबाखूशेजारी ठेवलंत. तिला आज दीडशे लोकांना थँक्यू म्हणायला लागलं. आठ वर्षांची आहे ती. ही भीक नाही, आणि ज्या सरकारला मी दर पंधरवड्याला पैसे देते त्याच्याकडे अर्ज करणं भीक?"

"ओर्लीना, खाली बस," डेन्झिल म्हणाला.

"बसते. वर्षभर बसलेच होते."

हॉबर्ट हसले. मला त्यांचं ते हसणं अजून आठवतं. "सिस्टर ओर्लीना दमलीय. आपण समजून घेऊ. पण तत्त्व म्हणून सांगतो, माझ्या घरात असा पैसा कधी आला नाही, येणारही नाही."

"तुमच्या आईच्या खाटेचे पैसे कोण भरतं, ब्रदर हॉबर्ट?"

पुढच्या टेबलावरच्या बायका वळून हॉबर्टकडे बघायला लागल्या.

"व्हेस्टामावशीला मी रोज पुसते," ओर्लीना म्हणाली. "सहा वर्षं. तिची खाट, तिची औषधं, तिचं खाणं, सगळं मेडिकल कार्डावर. तुमच्या आईची जमीन आणि घर तुम्ही आधी आपल्या नावावर करून घेतलंत, ती कागदावर गरीब झाली आणि मग तिला कार्ड मिळालं. तिला मिळालं ते बरंच झालं. म्हाताऱ्या माणसाला मिळायलाच पाहिजे. पण मग माझ्या पोरीनं काय पाप केलं?"

हॉबर्टचा चेहरा विटेसारखा लाल झाला. कुणी खुर्ची सरकवली. ही गोष्ट त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक होती. निम्म्यांच्या घरात असंच काहीतरी होतं, कुणाच्या आईचं, कुणाच्या नातवाचं. एकानंही तोंड उघडलं नाही. डेन्झिलनं टोपी घातली, रोएनाला उचललं आणि बाहेर गेला.

सोमवारी सकाळी ओर्लीनाला व्यवस्थापकांनी बोलावलं. हॉबर्टचा फोन आला होता. राहणाऱ्यांची माहिती बाहेर सांगायची नाही, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. ओर्लीनानंही तो नाकारला नाही. मी कपड्यांची गाडी घेऊन दाराबाहेर थांबले होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. व्यवस्थापक बाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मर्टी, तू हिच्याबद्दल काही सांगशील का? एकोणीस वर्षं काम केलंय, एखादी ताकीद देऊन मिटवता येईल का ते बघते." खरं सांगते, ती बाई वाट शोधत होती. आणि मला वाटलं, मी बोलले तर माझंही नाव त्या हॉलमध्ये निघेल. मी म्हटलं, "मला काय ठाऊक." ओर्लीनानं कपाटातून आपले बूट काढले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

डेन्झिल तिला न्यायला आला होता. शनिवारच्या त्या जेवणापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. ती ट्रकमध्ये बसली आणि म्हणाली, "काढून टाकलं." त्यानं गाडी सुरू केली नाही. समोरच्या काचेतून बघतच त्यानं विचारलं, "ते ऑफिस कुठं आहे?"

कौंटीच्या ऑफिसात ते तीन तास बसले. डेन्झिल टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा होता, कुणी ओळखीचं बघू नये म्हणून मान खाली घालून. कार्ल रिची तिथं होताच. तो बाकावरून सरकला. "ये डेन्झिल, बस. आणि तो फॉर्म मागच्या पानापासून भर, नाहीतर ती बाई परत पाठवते." डेन्झिल त्याच्या शेजारी बसला. कार्लनं त्याला स्वतःचं पेन दिलं.

दरम्यान चर्चच्या बायका त्या जेवणाला जमलेले पैसे पाकिटात घालून ओर्लीनाकडे गेल्या. त्यांना वाटलं ती फेकून देईल. तिनं घेतले. "लेक्सिंग्टनला जायला पेट्रोल लागेल," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. पाच तास चालली. सर्जन एक तरुण बाई होती. ती बाहेर आली आणि तिनं सांगितलं की गाठ पूर्ण निघाली आहे, मेंदूपर्यंत पोचली नव्हती, पोरगी जगेल, शाळेत जाईल, सगळं करील. फक्त डाव्या कानातली ऐकण्याची हाडं उरलेली नाहीत आणि आतली नसही गेली आहे. त्या कानानं ती कधीच ऐकणार नाही. मागच्या शरदात आणली असती तर बहुतेक कान वाचला असता. मग तिनं विचारलं, रागानं नाही, नोंद करायची म्हणून, "इतका उशीर का झाला?"

"माझ्यामुळं," डेन्झिल म्हणाला.

ओर्लीना सांगते, त्या क्षणी त्याला जवळ घ्यावं असं तिला वाटलं आणि त्याच क्षणी त्याला जिन्यावरून ढकलून द्यावं असंही वाटलं. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. ती पोरीकडे गेली.

एक गोष्ट तिला खात राहिली. जुलैमध्ये ती माझ्या दारात आली. आमचं तीन महिने बोलणं नव्हतं. आत आली नाही, पायरीवरूनच म्हणाली, "मर्टी, मला तिथं पाऊल टाकायची बंदी आहे. तू व्हेस्टामावशीला सांग, मी तिची माफी मागते. हॉबर्टची नाही. तिची. तिचं अंथरूण मी लोकांसमोर उघडं केलं."

मी गेले. व्हेस्टामावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांची, काही दिवस डोकं लख्ख, काही दिवस नाही. त्या दिवशी लख्ख होतं. मी निरोप सांगितला. ती छताकडे बघत म्हणाली, "तिला वाटलं मला माहीत नाही? वकिलानं जिथं बोट ठेवलं तिथं मीच सही केली. हॉबर्ट म्हणाला, आई, नाहीतर सगळं इस्पितळवाले नेतील. चाळीस वर्षं मी त्या जमिनीत बटाटे लावले." मग म्हणाली, "ती पोरगी ऐकते का आता?"

"एका कानानं, मावशी."

"मग हॉबर्टला सांग जा, माझी माफी नंतर माग. आधी तिच्या दारात जाऊन ये म्हणावं."

मी हॉबर्टला सांगितलं. त्यांच्या दुकानात, खिळ्यांच्या खोक्यांपुढे उभी राहून, गिऱ्हाईकं असताना. माझ्या पोरांच्या कार्डांचंही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. हॉबर्ट म्हणाले, "आईला हल्ली भान नसतं." ते ओर्लीनाकडे गेले नाहीत. अजून गेलेले नाहीत. ते अजून चर्चचे कारभारी आहेत आणि लोक अजून त्यांच्याकडूनच खिळे घेतात.

ओर्लीना आता शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथं तास पूर्ण आहेत. डेन्झिल ट्रक चालवतो, कमी बोलतो, आणि जेवताना रोएनाच्या उजव्या बाजूला बसतो. "मी त्याला माफ केलेलं नाही," ओर्लीना मला सरळ सांगते. "नांदते, त्याला जेवायला घालते, तो आजारी पडला तर त्याचंही करीन. पण माफ नाही. त्यानंही मागितलेली नाही, एवढी अक्कल आहे त्याला."

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर ती नर्सच्या खोलीत अर्ज घेऊन बसते. मी तिच्याशेजारी बसते, पत्ते लिहून देते. मागच्या आठवड्यात एक बाप आला होता, करवतीच्या कारखान्यातला, अंगावर भुसा. त्याच्या मुलीलाही कानाचंच. पेन हातात धरून तो बसून राहिला. म्हणाला, "आमच्या घरात असलं कुणी घेतलं नाही हो."

"मुलगी कुठाय?" ओर्लीनानं विचारलं.

"बाहेर झोपाळ्यावर."

"जा, तिच्या मागं उभा राहा आणि हाक मार. हळू. मग परत ये आणि मला सांग, तिनं वळून बघितलं का."

तो गेला. खिडकीतून आम्हाला तो दिसत होता, मुलीच्या पाठीमागं उभा. त्यानं एकदा हाक मारली. थांबला. पुन्हा मारली. ओर्लीनानं अर्जाचं मागचं पान उलटून त्याच्या खुर्चीसमोर ठेवलं.